कोरडं वाढायचं नाही

"आंटी, बोल्ट घट्ट धरून ठेवणारं औषध आणि बोल्ट जाम न होऊ देणारं ग्रीस, दोन्ही एकाच बोल्टला लावलं तर कोण जिंकेल?"

प्रश्न माझा नव्हता, पिंकीचा होता. आम्ही तिघी, मी, पिंकी आणि प्रिन्सी, रिक्षाने सातिवलीला चाललो होतो. वाटभर मी दोघींना समजावत होते की जुन्या मोटारसायकलला दोन गोष्टी लागतात. एक निळं पातळ औषध, त्याला दुकानात नुसतं 'लॉक' म्हणतात. ते बोल्टच्या आट्यांना लावलं की गाडी कितीही थरथरू दे, बोल्ट सुटत नाही. दुसरं म्हणजे तांब्याचं ग्रीस. ते लावलं की बोल्ट गंजून अडकत नाही, कधीही काढा, निघतो. पिंकीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग दोन्ही लाव ना एकालाच. भांडू देत आपापसात."

"हे माझ्या मावशीला विचारून दाखव," प्रिन्सी म्हणाली. "न हसता. मग मानलं तुला."

प्रिन्सीची मावशी म्हणजे फ्लॉसी आंटी. सातिवलीच्या कारखान्यांना नटबोल्टपासून पट्ट्यांपर्यंत सगळं सामान तिच्या दुकानातून जातं. तिच्याशी बोलताना मोठमोठे सुपरवायझर दोनदा विचार करतात. गेल्या वर्षीची मी असते तर दाराबाहेरच थांबले असते. पण आता मी दहावीत आहे आणि एक अख्खी मोटारसायकल माझ्या हाताखालून गेली आहे. मी काउंटरवर कोपर टेकलं आणि विचारलं.

फ्लॉसी आंटीने चष्मा नाकावर खाली घेतला. "प्रिन्सी, ही तुझ्याबरोबर आहे?"

"नाही मावशी. रिक्षात भेटली."

"आंटी, मी कृतिका. गिरीजची. मागच्या वेळी लॉक घेऊन गेले होते ना, तीच. ते संपलं."

"संपलं? माणसं एक बाटली वर्षभर पुरवतात. तू काय खिरीत घातलंस?" ती मागे वळून फळीवर शोधायला लागली आणि शोधता शोधताच बोलायला लागली. "आता ऐक. हे औषध गोंदासारखं वाळत नाही. लोखंडाला लोखंड भिडलं, मधली हवा गेली, की मग ते धरतं. एक दिवस द्यायचा त्याला. पण मध्ये तेलकट काही असलं की ते लोखंडापर्यंत पोचतच नाही. तसंच ओलं राहतं. समजलं? बोल्ट कोरडा पाहिजे."

"म्हणजे ग्रीस जिंकलं," पिंकी मागून म्हणाली.

"कोणी नाही जिंकलं. बोल्ट पडला." आंटीने बाटली काउंटरवर ठेवली. "गाडीवर कोण बसणार आहे?"

"आजोबा," मी म्हणाले. "उद्या."

"मग आजोबा हरले."

पिंकी आणि प्रिन्सी खो खो हसल्या. मी पैज जिंकले होते, म्हणून मीही हसले.

आता गाडीबद्दल. ती आमच्या वाडीत पंपाच्या खोलीत होती, केळीच्या खुंटांच्या मागे, वर गोणपाट टाकलेली. तिच्या टाकीवरचं नाव केव्हाच पुसलं गेलंय. घरात तिला फटफटी म्हणतात, दुसरं नाव नाही. आजोबा, म्हणजे हरिभाऊ, तिच्यावरून केळी आणि भाजी बाजारात न्यायचे, आणि दर कार्तिक वद्य एकादशीला आजीला मागे बसवून निर्मळच्या यात्रेला जायचे. मग आजोबांचे गुडघे गेले, मग आजी गेली, आणि फटफटी पंपाच्या खोलीत गेली. गेल्या वर्षी बाबांनी आजोबांना यात्रेला कारने नेलं. परत आल्यावर मी विचारलं, काय काय बघितलं? आजोबा म्हणाले, "पुढच्या गाडीचा नंबर."

तेव्हाच मी ठरवलं होतं. इंजिन मी केलं नाही, खोटं कशाला बोलू, ते पापडीच्या गॅरेजमध्ये झालं. पण बाकीची गाडी, चाकं, हँडल, मडगार्ड, ब्रेक, फूटरेस्ट, सायलेन्सर, हे सगळं मी मोबाईलवर व्हिडिओ बघून खोललं, घासलं, आणि परत जोडलं. बाबा आधी म्हणाले, देऊन टाकू कोणाला तरी, जुन्या गाड्या जमवणारे लोक असतात. मी खोलायला लागल्यावर ते गप्प बसले, आणि रंग लागल्यावर ते शेजाऱ्यांना बोलावून आणायला लागले.

खोलताना एक गंमत झाली होती. व्हिडिओतले बाप्ये प्रत्येक जुन्या बोल्टशी कुस्ती खेळत होते. तापव, ठोक, परत तापव, आणि शेवटी बोल्टची मुंडी तुटून हातात. आमच्याकडे तर समुद्राचा खारा वारा. आमच्या गेटच्या बिजागऱ्या दोन पावसाळ्यांत जातात. पण फटफटीचे बोल्ट पाना लावला की निमूट निघत होते. एकही तुटला नाही. मी वर्गात सांगितलं की माझा हातच तसा आहे. हे मी बऱ्याच जणांना सांगितलं.

जोडताना आजोबा माझ्याजवळ खुर्ची टाकून बसायचे. बोल्ट हरवू नयेत म्हणून त्यांनी डब्या नाही घेतल्या. त्यांनी केळीचं एक लांब पान कापून आणलं आणि त्यावर सगळे बोल्ट मांडले, गाडीवर जसे असतात तसे. डाव्या टोकाला हँडलचे, मध्ये फूटरेस्टचे, उजवीकडे मागच्या चाकाचे. पंगतीला पान वाढतात तसं. मीठ कुठे, लिंबू कुठे, चुकायचं नाही. मी हात मागे करायचे आणि म्हणायचे, "ब्रेकच्या पट्टीचा," की तो बोल्ट माझ्या हातात यायचा.

मी त्यांना एकच गोष्ट सांगितली होती. "आजोबा, बोल्ट कोरडे करून द्या हं."

"हो," ते म्हणाले होते.

आजोबा घरातल्या बोलीत बोलतात. इथे मी त्यांना शाळेच्या मराठीत लिहितेय, नाहीतर पिंकीला काहीच कळायचं नाही, ती आचोळ्याची, तिच्या घरी ही बोली नाही.

तर सातिवलीहून आम्ही तिघी थेट आमच्या वाडीत आलो. मडगार्डचे दोन बोल्ट राहिले होते, त्यासाठीच ते लॉक हवं होतं. आई ऑफिसमधून यायची होती. बाबा उद्याची तयारी करत होते, म्हणजे हेल्मेट पुसत होते आणि फोनवर कोणाला तरी सांगत होते, "सकाळी गेटपाशी या, फोटो काढू." गाडी बाबा चालवणार होते आणि आजोबा मागे बसणार होते. आदल्या दिवशी बाबांनी वाडीच्या रस्त्यावर दोन फेऱ्याही मारल्या होत्या आणि उतरताना म्हणाले होते, "पोरीने केली बरं का."

"दाखव ना ते लॉक केलेलं," पिंकी म्हणाली. "खरंच निघत नाही?"

"नाही निघत. जोर लावावा लागतो." मी ऐटीत मागच्या ब्रेकच्या पट्टीला पाना लावला.

ही पट्टी काय असते ते सांगते. मागच्या चाकातल्या ब्रेकची जी प्लेट असते, तिला ही लोखंडी पट्टी गाडीशी धरून ठेवते. ब्रेक दाबला की प्लेट चाकाबरोबर फिरायला बघते. पट्टी तिला फिरू देत नाही. पट्टीचा बोल्ट गेला तर ब्रेक मारताना काय होईल त्याचा विचार मी आधी कधी केला नव्हता, कारण त्याला मी लॉक लावलेलं होतं.

जोर लावावा लागला नाही. पहिला अर्धा फेरा तर तो आधीच सुटलेला होता. मग मी बोटांनीच फिरवला, बरणीचं झाकण फिरवावं तसा, आणि तो माझ्या हातात आला. आट्यांमध्ये निळं औषध जसंच्या तसं ओलं होतं. बाटलीतून आत्ताच ओतल्यासारखं.

"निघाला की," पिंकी म्हणाली.

प्रिन्सीने बोल्ट घेतला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघितलं. "कृतिका, ह्याची चंपी कोणी केली?"

मी वास घेतला. खोबरेल. आमच्याच नारळांचं, घाण्यावरून काढून आणतो ते. हा वास मला झोपेतही ओळखू येईल.

मी फूटरेस्टचा बोल्ट बघितला. हँडलच्या क्लॅम्पचा बघितला. सगळीकडे तेच, ओलं निळं आणि खोबरेल. आणि लॉक आहे या भरवशावर मी ते बेतानेच आवळले होते, जास्त जोर लावून आटे जायला नकोत म्हणून. मग माझी नजर आजोबांच्या खुर्चीकडे गेली. खुर्चीखाली, मागच्या पायाला टेकून, एक करवंटी होती. तळाशी तेल.

"आजोबा हरले," पिंकी हळूच म्हणाली. या वेळी कोणी हसलं नाही. प्रिन्सीने तिला कोपर मारलं, आणि दोघी थोड्या वेळाने, उद्या फोन कर हं, असं म्हणून गेल्या.

आजोबा मागे फुलझाडांना पाणी घालत होते. मी करवंटी घेऊन गेले.

"हे काय आहे आजोबा?"

"तेल."

"बोल्ट यात बुडवून दिलेत?"

"मग? फडक्याने पुसले आणि बुडवले. प्रत्येक." त्यांच्या आवाजात काम नीट केल्याचं समाधान होतं.

"मी कोरडे द्या म्हटलं होतं."

"तू म्हणालीस. पण तू लहान आहेस. कोरडं वाढायचं नाही."

हे आमच्या घरातलं वाक्य आहे. पाहुण्याच्या पानात नुसता भात पडला की आजोबा पाटावरूनच म्हणायचे, कोरडं वाढायचं नाही, आणि आजी तुपाची वाटी घेऊन यायची. मला ते जेवणापुरतं माहीत होतं. पंपाला, गेटला, पलंगाला आणि फटफटीलाही तोच नियम आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा रोज समोर होतं म्हणून मी बघितलं नव्हतं.

"खोलताना एक तरी बोल्ट तुटला का?" आजोबांनी विचारलं.

"नाही."

"एक तरी जाम होता?"

"नाही."

"मग," ते म्हणाले, आणि पाण्याचा पाइप दुसऱ्या झाडाकडे नेला.

मी तिथेच उभी राहिले. माझा हात, वर्गात सांगितलेला माझा हात, तो कुठेच नव्हता. सगळं या करवंटीने केलं होतं. मी दुकानातून जे तांब्याचं ग्रीस आणलं, ते आजोबांकडे नारळाच्या झाडावर होतं. थोडा वेळ मला राग आला, मग नाही आला.

"पण आजोबा, मग गाडी चालवताना बोल्ट सुटायचे नाहीत?"

"सुटायचे की. थरथरणारच, बोल्ट आहेत ते. रविवारी सकाळी मी फेरी करायचो. हँडलपासून सुरू, मागच्या चाकापर्यंत. एकेक आवळायचा. तुझी आजी देवळातून येईपर्यंत माझी फेरी पूर्ण."

"दर रविवारी?"

"दर रविवारी. एक नाही चुकला."

"आता कोण करणार?"

त्यांनी पाइपाचं पाणी बघितलं. गुडघ्यांबद्दल आमच्याकडे बोलत नाहीत.

मी त्यांना पट्टीचा बोल्ट दाखवला. काल दोन फेऱ्या झाल्या आणि हा अर्धा फेरा सुटला होता, असं सांगितलं. लॉक का धरत नाही तेही सांगितलं, अगदी फ्लॉसी आंटीच्या शब्दांत. त्यांनी बोल्ट घेतला, आट्यांवरून अंगठा फिरवला, निळा झालेला अंगठा धोतराला पुसला.

"आता आवळून टाक. जोर लावून. निर्मळ काय लांब आहे?"

"लांब नाही. पण तिथे गर्दी असते. पोरं मध्ये येतात. ब्रेक दाबावा लागणार."

"मी आयुष्यभर दाबला."

"तुम्ही रविवारी आवळून एकादशीला दाबलात. माझं निळं पाणी अडकलंय सगळीकडे. ते ना धरतंय ना सोडतंय. सगळे बोल्ट काढून, पेट्रोलने धुऊन, वाळवून परत लावायला लागतील. आणि मग एक दिवस थांबायला लागेल."

"म्हणजे उद्या नाही."

"उद्या नाही."

"एकादशी उद्या आहे, कृतिका."

"माहीत आहे."

पाइप एकाच झाडाला पाणी देत राहिला आणि आळं भरून वाहायला लागलं. मला वाटलं ते रागावले. मी तयारही होते, कारण मी नाही म्हणाले होते, आजोबांना, त्यांच्याच गाडीसाठी. पण ते म्हणाले ते वेगळंच होतं.

"निमिषला सांगू नको. मी बुडवले ते."

निमिष म्हणजे माझे बाबा. उन्हाळ्यात आजोबांनी टेबलफॅनला एवढं तेल पाजलं होतं की फॅन लावल्यावर नव्याने रंगवलेल्या भिंतीवर ठिपक्यांची माळ उमटली. तेव्हापासून बाबा म्हणतात, अण्णांच्या हाताला पाना लागू देऊ नका. गमतीतच म्हणतात. पण पान्यांची पेटी वरच्या फळीवर गेली ती गेलीच. या गाडीच्या निमित्ताने ती खाली आली होती.

"खोटं नाही बोलणार मी," मी म्हणाले.

"खोटं बोल म्हटलं का मी? सांगू नको म्हटलं."

"ठीक आहे."

आई आल्यावर आम्ही चहाला बसलो. आईने उद्याची रजा टाकली होती. ती निर्मळहून कुणाकुणासाठी सुकेळी आणायची त्याचा हिशेब बोटांवर करत होती. आजोबा पडवीत होते, खिडकीपलीकडे. दिसत नव्हते, पण खुर्ची करकरली म्हणजे ऐकत होते.

"गाडीत पेट्रोल भरून आणलं," बाबा म्हणाले. "मडगार्ड झालं?"

"आई, बाबा, मला काही सांगायचंय."

आईने बोटं थांबवली. "काय फोडलंस?"

"उद्या गाडी जाणार नाही."

बाबांनी कप खाली ठेवला. "का? काल तर पळाली."

"पळाली, पण ब्रेकच्या पट्टीचा बोल्ट सुटत होता. बाकीचेही सुटतील. औषध धरलं नाही, कारण बोल्ट कोरडे नव्हते."

"नव्हते म्हणजे? कोणी..." बाबांनी खिडकीकडे बघितलं. त्यांना सगळं कळतं. "अण्णांनी..."

"बाबा, ते पंपाच्या खोलीतलं पंपाच्या खोलीतच राहू दे. लावले मी. लावायच्या आधी बघायचं काम माझं होतं, मी बघितलं नाही. मेकॅनिक कोण आहे या गाडीची?"

"तूच आहेस बाई."

"मग मी सांगते. उद्या आपण सगळे रिक्षाने जाऊ. आजोबांना कडेला बसवू, म्हणजे त्यांना रस्ता दिसेल. गाडी मी परत खोलणार. यात्रा काही दिवस चालते, पुढच्या रविवारी असेलच, तेव्हा आजोबा तिच्यावरून जातील."

"अगं पण मी सगळ्यांना सकाळी गेटपाशी बोलावलंय," बाबा म्हणाले. "फोटोला."

"रिक्षाचा काढू दे त्यांना."

आई हसली आणि मग हसू आवरून म्हणाली, "हळू चालवली तर? एवढंच तर अंतर आहे."

"आई, मागे आजोबा बसणार आहेत."

बाबा कपातला चहा गोल गोल फिरवत होते. बाहेर खुर्ची करकरली.

"बरं," बाबा शेवटी म्हणाले. "मेकॅनिक म्हणते तसं. मी करतो फोन सगळ्यांना."

खरं म्हणजे इथे मी थांबायला हरकत नव्हती. मिळालं होतं ते पुष्कळ होतं. पण पाण्याचं आळं भरून वाहत होतं तेव्हाच माझं पुढचंही ठरलं होतं, आणि आत्ता नाही सांगितलं तर परत धीर व्हायला वेळ लागला असता.

"आणि अजून एक. सायलेन्सरला आणि चाकांच्या दांड्यांना लॉक नाही लागत, त्यांना तेलकटच लागतं. तिथे तांब्याचं ग्रीस लावायचं काम आजोबांचं. ब्रेकला आणि हँडलला लॉक, ते माझं. पानावर दोन रांगा मांडायच्या, एक कोरडी आणि एक ओली. पान्यांची पेटी आता खालीच राहील."

"राहू दे," बाबा म्हणाले.

"आणि रविवारचा क्लास मी सोडतेय."

"काय?" आईचा आवाज चढला. "दहावी आहे तुझी."

"क्लास सोडत नाही, रविवार सोडतेय. शनिवारच्या बॅचला जागा आहे, सरांना मेसेज केलाय, ते हो म्हणाले. मी विचारत नाहीये आई, सांगतेय. रविवारी सकाळी आपल्या घरात बोल्टांची फेरी असते."